कॅसेटवर लिहिलं होतं हरिपाठ

माझं काम गाड्यांची कुरकुर ऐकणं. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांची दारं आणि डॅशबोर्ड तयार होतात, तिथल्या आवाज तपासायच्या खोलीत मी बारा वर्षं बसते आहे. खड्ड्यात आपटल्यावर दार चिरचिरतं का, काच थरथरते का, ते हेडफोन लावून ऐकायचं, संगणकावर त्या आवाजाचं चित्र काढायचं आणि खोट नेमकी कुठे आहे ते सांगायचं. कुणी विचारलं की माझी आई म्हणते, "लेक गाड्यांची सासू आहे."

खरी सासू मला दिघीला मिळाली. आमचं माहेर मूळचं बीडकडचं. वडील नोकरीला चिंचवडला आले आणि मी कामगार वसाहतीत वाढले. सासरचं घराणं मात्र दिघीतलंच. आम्ही ज्या इमारतीत राहतो तिच्याखाली सासूबाईंच्या हातची ज्वारी होती, हे त्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला सांगतात. त्या गावातल्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. टीव्हीवर नवराबायको एकमेकांच्या जास्त जवळ आले की त्यांचा हात रिमोटकडे जातो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी गॅलरीत आतले कपडे वाळत घातले, तर त्यांनी येऊन वर टॉवेल पांघरला आणि काही न बोलता निघून गेल्या. तेव्हापासून आमच्या घरी माझे ते कपडे टॉवेलखालीच वाळतात. पावसाळ्यात त्यांना कुबट वास येतो, पण अब्रू शाबूत राहते.

त्या वर्षी मंडळाला हरिपाठाची गावातली जुनी चाल बसवायची होती. सासूबाईंच्या सासऱ्यांचा गळा गोड होता आणि त्यांच्या आवाजातली एक कॅसेट घरात होती. सासूबाईंनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढायला लावला. दहा-अकरा कॅसेटी निघाल्या. एकीवर निळ्या पेनने लिहिलं होतं : हरिपाठ. अक्षर माझ्या सासऱ्यांचं.

"पोरी, तुज्याकडं यंत्रं हायत," त्या म्हणाल्या. "तेवढी चांगली करून दे. पन जपून. बाबांचा आवाज हाय त्यात."

टेपवर पांढरी बुरशी आली होती. टेप दाबून धरणारा नखाएवढा लोकरीचा तुकडा गळून पडला होता. घरातल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळून काकवीसारखा झाला होता. मी तो पिंपरीला एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे नेला. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकली जातात, पण मागच्या टेबलावर त्याने स्वतःसाठी जुनं जग राखून ठेवलं आहे. त्याने नवा पट्टा बसवला, टेप दुसऱ्या खोक्यात घातली, बुरशी मऊ कापडाने हलकेच पुसली आणि कॅसेट लावली. एका बाजूला खरंच हरिपाठ होता. खरखरीत, पण मन शांत करणारा. म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग कॅसेट उलटी केली.

दुसऱ्या बाजूला बायका होत्या. आवाज भरभर आणि चिरके येत होते, पोपटांचा थवा भांडतोय तसे. आधी काही कळेना. मग शब्द सुटे होऊ लागले.

इहीणबाईची इहीर गं, शिमग्यालाच आटली,
फौजी आला सुट्टीवर, त्याची घागर कशी बुडली?

पाठोपाठ वीसेक बायकांचं हसणं. म्हाताऱ्याने डोळे उघडले. पुढचं कडवं पाटावर बसलेल्या विहिणीचं आणि तिच्या शेजारी सरकलेल्या व्याह्याच्या हाताचं होतं. तो हात कुठे कुठे गेला याचा तपशील मी इथे देत नाही. म्हाताऱ्याने मात्र तो शेवटपर्यंत ऐकला. मग बटण बंद करून गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, हा हरिपाठ वेगळ्या संप्रदायाचा दिसतोय."

घरी आले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. मी आधी बाबांचा हरिपाठ लावला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, डोळ्याला लावला. मग मी म्हटलं, "आई, दुसऱ्या बाजूला पण काहीतरी आहे," आणि लावलं.

विहीर आटली. घागर बुडली. सासूबाईंचा मेथीतला हात थांबला.

"हे कोण आहेत?" मी विचारलं.

"मला काय ठावं?"

"एक आवाज तुमच्यासारखा वाटतो."

"माजा आवाज आसा हाय व्हय? टिटवीवानी?" त्या म्हणाल्या. "कुनाची तरी कॅशेट हिकडं आली आसंल. बंद कर ते. आन् पुसून टाक."

पुसून टाक म्हणाल्यावर माझी खात्री पटली. कंपनीतही जो विभाग "ते रिपोर्टमध्ये नको लिहू" म्हणतो, खोट तिथेच सापडते.

आवाज टिटवीसारखा होता याचं कारण मला कळलं होतं. रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असले की टेप हळू फिरते, आणि नंतर नीट वेगाने वाजवली की सगळं भरभर ऐकू येतं. वेग कमी करायचा होता, पण नेमका किती ते कळायला एखादा ओळखीचा आवाज हवा, ज्याची पट्टी बदललेली नाही. बायकांच्या हसण्याला पट्टी नसते. मी ती बाजू दोन दिवस हेडफोनवर ऐकली, एकदा तर कंपनीत जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या टेबलावरचा कानपूरचा सहकारी म्हणाला, "मॅडम, क्या सुन रहे हो, इतना हँस रहे हो?" मी म्हटलं, "हरिपाठ." त्याने आदराने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी गाण्यांच्या मागे एक टोला ऐकू आला. मग दुसरा. देवळातली घंटा. लग्नघर देवळाला लागून होतं आणि गावात भैरवनाथाची घंटा अजून तीच आहे. देऊळ नवं झालं, फरशी चकचकीत झाली, पण घंटा बदलायला कुणी धजावलं नाही. रविवारी सकाळी मी देवळात गेले, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. सात-आठ वेळा वाजवल्यावर गुरव म्हणाला, "ताई, देवानं ऐकलंय."

घरी येऊन मी दोन्ही घंटा एकावर एक ठेवल्या. टेपवरची चिरकी घंटा खाली खाली आणत नेली आणि ती खऱ्या घंटेला जुळली, त्या क्षणी पोपटांच्या बायका झाल्या. भरदार, कष्टाळू गळ्यांच्या बायका. देवाच्या घंटेने ती गाणी सुरात आणली, याला माझा इलाज नव्हता. आणि सगळ्यांच्या वर, उघडा, रुंद, लाजेचा मागमूस नसलेला एक गळा होता, जो मी रोज संध्याकाळी मंडळात ऐकत होते.

या वेळी मी काहीच विचारलं नाही. फक्त लावलं. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्यांनी गॅस बंद केला आणि खाली फरशीवर बसल्या.

"ही धाकली चुलत सासू," त्या एका आवाजाकडे बोट दाखवल्यासारखं करून म्हणाल्या. "ही गेली. ही थोरली जाऊ, ही बी गेली. गानी तीच रचायची. हिला लिवता येत न्हवतं, पन मानूस मांडवात शिरला की त्याच्यावर कडवं तयार." मग त्यांचा स्वतःचा आवाज आला, व्याह्याच्या हाताचं कडवं घेऊन. त्यांनी ते पुरतं ऐकलं आणि म्हणाल्या, "गळा बरा व्हता माजा."

"कुणाचं लग्न?"

"वन्संचं."

वन्सं म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्या. तळेगावला दिलेल्या. चाळीसेक वर्षांपूर्वीचं लग्न. लग्न लागल्यावर नवरदेवाच्या आईची, म्हणजे विहिणीची, पंगत आतल्या खोलीत बसायची आणि मुलीकडच्या बायका वाढता वाढता तिची गाण्यातून सालं काढायच्या. पुरुषांना आत मज्जाव. विहिणीने रागावायचं नाही आणि हसायचंही नाही, तोंड फुगवून जेवायचं, असा रिवाज.

"मग रेकॉर्ड कुणी केलं?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना तोवर पडलाच नव्हता. आता पडला. त्या उठल्या आणि हॉलमध्ये गेल्या. तिथे दादा, माझे सासरे, पेपर वाचत होते. प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. कानात मशीन असतं, आणि नको त्या वेळी ते खिशात असतं.

"अवो," सासूबाई म्हणाल्या, "वन्संच्या लग्नात तुमी टेप कुटं ठिवला व्हता?"

दादांनी सावकाश कानातलं मशीन काढलं.

"घाला ते परत."

त्यांनी घातलं.

"फडताळात," ते म्हणाले. "पापडाच्या डब्यामागं. बटन दाबलं आन् भाईर गेलो."

"का?"

"का म्हंजे? आमाला भाईर काडून तुमी आत दोन-दोन तास हसायच्या. कशाला हसतात ते बगावं म्हनलं."

"बगितलं मग?"

"एकदा ऐकलं. एकदाच. मंग आपल्या बाबांच्या हरिपाठाच्या मागं ठिवून दिलं. तितं कोन बगनार?"

मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण बारा वर्षांची सवय. मी म्हटलं, "एकदाच नसेल, दादा. व्याह्याच्या हातापाशी टेप बरीच झिजलीय."

सासूबाईंनी चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना राग नेमका कशाचा होता ते मला पाचव्या दिवशी कळलं, कपड्यांच्या घड्या घालताना. "मला इचारलं आसतं तर मी म्हनून दाखविली आसती," त्या म्हणाल्या. "मी येकटीनं त्यांच्यासाठी म्हनली आसती. त्या समद्या बिचाऱ्या. त्यास्नी ठावं बी न्हाई, फडताळात मानूस बसल्यागत यंत्र बसलंय." मग घडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "ज्या गेल्या त्यास्नी काय इचारनार. ज्या हायत त्यास्नी बोलव. त्या पूस म्हनल्या तर पुसायचं."

पुढे होऊन गाणाऱ्यांपैकी उरलेल्या दोघीच होत्या. दोघीही त्यांच्या चुलत जावा, एकमेकींच्या सख्ख्या, आणि गेली काही वर्षं एका भिंतीवरून एकमेकींशी भांडलेल्या. गुरुवारी दुपारी त्या आल्या. दादांना बाहेर पाठवलं. मी माझे कंपनीचे चांगले स्पीकर लावले होते. ऐकून झाल्यावर धाकटीने घाम पुसला आणि विचारलं, "ह्ये आमी म्हनलो?"

"पुसायचं का?" सासूबाईंनी विचारलं.

"पुसतीस कशाला? परत लाव," थोरली म्हणाली.

तीनदा ऐकलं. त्या दोघी भिंत विसरल्या. पण तिन्ही वेळा एका जागी घोटाळा झाला. टांग्याचं कडवं होतं :

इहीणबाई निघाली तळेगावी, टांग्यात बसली पुढं,

आणि पुढची ओळ सुरू होते तोच डोक्यावरून विमान. आमच्या भागात विमानं तेव्हाही खालून जायची, आताही जातात. टेपवर तो आवाज भिंत कोसळावी तसा येतो. तो सरतो तेव्हा ओळ संपलेली असते आणि बायका किंचाळून हसत असतात. इतकं हसणं टेपवर दुसरीकडे कुठेच नाही. त्यातच एक ताट खणकतं, कुणीतरी म्हणतं, "अवो मावशी, बसा की, कुटं निघाल्या," आणि हसणं एकदम तुटतं. पुढे टेप संपते.

विमान काढता येईल का, असं मला तिघींनी विचारलं. मी सगळे उपाय करून पाहिले होते. चहातून चोथा गाळता येतो, पण दुधातून पाणी गाळता येत नाही, तसं ते होतं. ओळ विमानात विरघळली होती.

"मला आटवती ना," थोरली म्हणाली. "टांगेवाला म्हनं बाई, सरका मागं थोडं."

"ह्यात हसायला काय हाय?" धाकटी म्हणाली. "टांगेवाला म्हनं बाई, धरा की माजं घोडं. आसं व्हतं."

"तू कायम घानच आटवतीस."

"मंग तितं काय आरती चालली व्हती?"

सासूबाईंनी लुगडं असलेली एक तिसरीच ओळ सुचवली. ती मी लिहीत नाही. तिन्हींवर दीड तास वाद झाला. मोठ्या जाऊबाई, ज्यांनी कडवं रचलं, त्या गेलेल्या. शेवटी मीच म्हटलं, "जिच्यावर गायलात तिला विचारा ना. त्या आहेत की."



आत्यांच्या सासूबाई तळेगावला आहेत, नव्वदीकडे झुकलेल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण टेपवर जे ताट खणकलं ते त्यांचं. त्या ओळीवर विहीणबाई भरल्या ताटावरून उठून गेल्या होत्या आणि परत पंगतीला आल्याच नाहीत. मुलीला ह्याचा सासुरवास होणार म्हणून गाणी रचणाऱ्या त्या जावेला घरात सगळ्यांनी बोल लावले. तिने पुन्हा कधी लग्नात गाणं म्हटलं नाही. सासूबाई चाळीस वर्षं तळेगावला जात होत्या, पण विहिणीसमोर बसल्या की गुडघेदुखी आणि साबुदाणा यापलीकडे गेल्या नव्हत्या.

"त्यांच्यापुढं ह्यो इषय काडायचा?" त्या म्हणाल्या. "मेल्यावर तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई."

"मेल्यावर तोंड झाकतातच," धाकटी म्हणाली. "चला."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते, मागे तिघी. सासूबाईंनी पेढे घेतले, साडी घेतली, ओटीचं सामान घेतलं. माफी मागायला जातात तसा सगळा थाट. सगळा रस्ता तिघी घोडं, लुगडं आणि थोडं यावर भांडत होत्या. तळेगावात शिरल्यावर पदर सारखे करायला लागल्या.

आत्यांनी चहा केला. विहीणबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाडं आणि चष्मा एवढ्याच उरलेल्या. साबुदाणा झाला. गुडघे झाले. मग सासूबाईंनी पेढ्यांचा पुडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खाली बघत म्हणाल्या, "मावशी, वन्संच्या लग्नात आमच्याकडनं चूक झाली. वय न्हवतं, अक्कल न्हवती. तुमी ताटावरनं उटून गेलात ते अजून जिवाला लागलंय."

विहीणबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"कंच्या गान्याला गं?" त्यांनी विचारलं. "टांग्याच्या?"

सासूबाईंनी मान हलवली.

म्हातारीने पुडा बाजूला केला, भिंतीवरून पाठ उचलली आणि फुटक्या पण अचूक आवाजात म्हटलं :

इहीणबाई निघाली तळेगावी, टांग्यात बसली पुढं,
टांगेवाला बसला मागं, हाकतंय कोन घोडं?

 मग धाकट्या जाऊबाई पलंगाची कड धरून खाली बसल्या. थोरल्या तोंडात पदर कोंबून हलायला लागल्या. सासूबाईंचं हसू आधी नाकातून आलं, मग त्यांना ते आवरेना. आत्या चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी किटली कपाटावर ठेवली.

"आमची नुसती घान व्हती," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ही अक्कल हाय."

"कुनी रचलं व्हतं?" विहीणबाईंनी विचारलं.

सांगितलं. ती गेली, हेही सांगितलं.

"आरारा," त्या म्हणाल्या. "तिला एकदा भेटायचं व्हतं."

"मग तुम्ही ताटावरून उठलात कशाला?" मी न राहवून विचारलं.

"हसाया," म्हातारी म्हणाली. "इहिणीनं पंगतीत हसायचं नसतं. तोंड फुगवून बसले व्हते, ह्या ओळीला गाल फाटाया लागले. ताट सोडलं आन् तुमच्या कडब्याच्या गंजीमागं गेले. तितं बसून इतकी हसले की लुगडं भिजलं. आता भिजल्या लुगड्यानं परत पंगतीला कशी येनार?"

यावर पुन्हा पाच मिनिटं हसण्यातच गेली. मग त्या म्हणाल्या, "मी वाट बगत व्हते. म्हनलं, कुनीतरी इषय काडंल. ही चाळीस वर्सं येती आन् गुडग्याचंच सांगती. मी म्हनलं, गुडग्याच्या वरती हिचं काय दुकतच न्हाई का?"

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, या वेळी सगळ्यांना विचारून. विहीणबाईंनी टांग्याचं कडवं तीनदा म्हटलं. मग म्हणाल्या, "थांब, अजून हाय. माजं उत्तर." त्या दिवशी वऱ्हाडाच्या ट्रकात बसून परत येताना त्यांनी ते रचलं होतं आणि आपल्या बायकांना म्हणून दाखवलं होतं. ज्यांच्यावर रचलं त्यांच्यापर्यंत ते कधी पोचलं नव्हतं. त्यांनी माझ्या सासूबाईंकडे बोट रोखलं.

मांडवदारी गाती कोन गं, गळा तिचा लई धार,
नवरा तिचा रातपाळीला, मशीन तिची बेकार.

लग्नानंतर मी कधी सासूबाईंना लाजताना पाहिलं नव्हतं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ऐकू नगंस." मी म्हटलं, "आई, रेकॉर्ड होतंय."

"व्हऊ दे," विहीणबाई म्हणाल्या. "खोटं हाय का काय ते सांग."

"तवा खरं व्हतं," सासूबाई म्हणाल्या.

 परत येताना देहूरोडच्या पुढे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गानी रचनाऱ्या थोरल्या जावेला किती बोललो आमी. ती तशीच गेली."  घरी आल्यावर त्यांनी दादांसमोर चहा ठेवला आणि स्वतःहून बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण दादा त्या दिवसापासून मशीन कानातून काढत नाहीत.

टेपवर विमान तसंच ठेवलं आहे. विहीणबाईंची ओळ त्या जागी चिकटवता आली असती, मी करूनही पाहिली. पण वीस बायकांच्या मध्ये तो एकटा म्हातारा गळा ओळखू येत होता. मी तो वेगळाच ठेवला, विमानानंतर.

गोष्ट गावात पसरायची ती पसरली. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ चौकात स्वतःच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावतो आणि पुढेमागे वॉर्डातून उभा राहणार आहे. तो घरी आला. त्याला हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात ही गाणी लावायची होती, आपली संस्कृती म्हणून.

"फक्त थोडं सोज्वळ करून द्या, वहिनी," तो मला म्हणाला. "एक-दोन शब्द काढा."

"सोज्वळ पायजे तर कॅशेट उलटी कर," सासूबाई आतून म्हणाल्या. "तितं हरिपाठ हाय."

त्यांनी नियम केला. गाणी ऐकायला घरी यायचं, फोनवर पाठवायची नाहीत, आणि ऐकणारीने बदल्यात एक तरी म्हणून दाखवायचं. त्यामुळे आमच्याकडे गुरुवारी दुपारी गर्दी व्हायला लागली. मोशीची एक बाई आली, एक चिखलीची. आमच्या इमारतीत भाड्याने राहणारी लातूरकडची सून आली आणि तिने अशी काही गाणी म्हटली की धाकट्या जाऊबाईंनीही कानावर हात ठेवले. मी ती सगळी रेकॉर्ड करून ठेवते. भजनी मंडळ संध्याकाळी नेहमीसारखं चालू आहे. दोन्हीकडे बायका बऱ्याचशा त्याच असतात. जुनी चालही बसली.

माझ्या लग्नात डीजे होता. माझ्या आईवर कुणी गायलं नाही, माझ्या सासूवरही नाही. पंगतीच्या ठिकाणी बुफे होता. त्यामुळे मला हे सगळं कामापुरतं कळत होतं, रचता मात्र एक ओळ येत नव्हती. रविवारी तळेगावहून विहीणबाईंचा फोन येतो. त्या एक कडवं टाकतात आणि फोन ठेवतात. मग पुढच्या रविवारपर्यंत त्याला उत्तर तयार करायचं असतं. सासूबाई, दोघी जावा आणि मी बसतो. मी सुचवलेलं त्या ऐकतात आणि सोडून देतात.

मागच्या आठवड्यात मी चाकणहून दोन तास अडकून घरी आले आणि चप्पल काढता काढताच म्हटलं :

चाकणच्या चौकात गं बाई, एसी गाडी अडली,
चाक जागचं हललं न्हाई, इहीण घामानं कशी भिजली?

सासूबाईंनी ते स्वतःशी एकदा पुटपुटून पाहिलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पन 'कशी'पाशी थांब. लगीच सांगून टाकू नगं. बायांना आधी ठाव लागू दे."

रविवारी फोन आल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी म्हटलं. 'कशी'पाशी थांबले. पलीकडे विहीणबाईंचा श्वास ऐकू येत होता. मग मी शब्द टाकला. पलीकडून विहीणबाई आत्यांना म्हणाल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"ऊठ गं, दार लाव आदी. आन् चष्मा दे माजा. हिला उत्तर द्यायचंय."